पणजोबांच्या अक्षराला ‘स्पायडरी’ म्हटलं, आणि आबा ताटावरून उठले

पत्राचा सारांश

कोल्हापुरातल्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे आजेसासरे शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानावर दिवाणजी, म्हणजे हिशेब लिहिणारे कारकून, होते. घरात अक्षर शिकलेला पहिला माणूस तो. त्यांची १९३०च्या दशकातली, मोडी लिपीतली एक वही सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, आजवर ट्रंकेत जपून ठेवली आहे. आबा आता ८४ वर्षांचे आहेत. दिराची मुलगी बंगळुरूला शिकते. घराण्याविषयी तिनं इंग्रजीत एक छान लेख लिहिला. त्यात या वहीचं वर्णन करताना ‘फेडेड, स्पायडरी इंक मार्क्स’ असे शब्द आले. ताईंनी जेवताना तो लेख मराठीत सांगायला घेतला आणि या शब्दांपाशी आल्यावर पटकन म्हणाल्या, “पुसट झालेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे शाईचे डाग.” आबा ताटावरून उठले. “माझ्या वडिलांच्या अक्षराला जाळी-जळमटं म्हणायला लागली व्हय पोरगी?” एवढंच बोलले. तेव्हापासून वही कुणाला दाखवत नाहीत. मुलगी म्हणते, इंग्रजीत हा शब्द सुंदर आहे, मी कौतुकानंच लिहिला. दिवाळीच्या पाडव्याला सगळे जमणार आहेत आणि लेखाचं मराठी रूप छापून वाटायचं ठरलं आहे. ताई विचारतात: तो शब्द गाळू का? बदलून टाकू? की पुतणीला माफी मागायला सांगू? आणि मुळात या शब्दांचा अर्थ तरी काय?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हा एका इंग्रजी शब्दाचा प्रश्न आहे, चार ओळींत सुटेल. दुसऱ्यांदा वाचल्यावर मात्र आबा ताटावरून का उठले असतील, या विचारातून लवकर बाहेर येता आलं नाही. म्हणून आधी अर्थाचं सांगते, आणि मग तुम्ही न विचारलेलं थोडं बोलते.

‘स्पायडरी’ म्हणजे कोळ्यासारखं, हे खरं. पण कोळ्याचं काय, हा खरा प्रश्न आहे. अक्षराबद्दल हा शब्द येतो तेव्हा इंग्रजी माणसाच्या डोळ्यांपुढे कोळ्याचं जाळं नसतं, कोळ्याचे पाय असतात. लांब, बारीक, मधेच कोपरात वाकलेल्या काळ्या रेघा. इंग्रजी शब्दकोशांतही या अर्थापाशी पायांचाच दाखला मिळतो. तुम्ही ‘जाळ्यासारखे’ म्हणालात आणि तिथेच पाय घसरला. आपल्याकडे कोळ्याचं जाळं म्हणजे जळमट. दसऱ्या-दिवाळीच्या तोंडावर लांब काठीला कुंचा बांधून आपण ते आढ्यातून काढतो. आबांनी तुमचं वाक्य ऐकलं तेव्हा त्यांना माळ्यावरची घाण दिसली असणार. इतक्या घाईत, जेवताना केलेल्या भाषांतरात असं होतं. हा गुन्हा नाही. पण दुखावलं ते या एका शब्दामुळे, पुतणीच्या हेतूमुळे नाही, हे तुम्ही आबांना स्वतः सांगायला हवं. निम्मी गाठ तिथेच सुटेल.

आता ‘सुंदर शब्द आहे’ हे पुतणीचं म्हणणं. तेही पूर्ण खरं नाही. ‘स्पायडरी’ हा शब्द कुणासोबत बसलाय त्यावर त्याचा स्वभाव ठरतो. त्याच्यापुढे ‘स्क्रॉल’ आलं, म्हणजे घाईनं ओढलेलं गिचमिड अक्षर, तर ती तक्रार होते. शाळेतल्या मास्तरांनी मुलाच्या वहीवर लिहिलं तर ताशेरा होतो. पण जुन्या पत्राबद्दल, म्हाताऱ्या हाताबद्दल, पिवळ्या पडलेल्या कागदाबद्दल लिहिताना हाच शब्द हळवा होतो. बारीक निब, थोडा कापरा हात, उडत चाललेली शाई, हे सगळं तो एका दमात सांगतो. तुमच्या पुतणीनं त्याच्याआधी ‘फेडेड’ लिहिलंय, म्हणजे तिनं त्याला जुन्या पत्रांच्या पंगतीत बसवलंय. तिचा हेतू त्या एका विशेषणातून दिसतो, आणि तो चांगला आहे.

शब्दात अपमान अंगभूत नाही याचा एक ठळक दाखला आहे. आज ब्रिटनचे राजे असलेले चार्ल्स युवराज असताना मंत्र्यांना पत्रं लिहायचे. काळ्या शाईतल्या त्यांच्या लांबट, पाय फुटलेल्या अक्षरामुळे त्या पत्रांना तिकडे ‘ब्लॅक स्पायडर मेमोज’ असंच नाव पडलं. ती जाहीर करावीत का, हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला आणि २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती लोकांसमोर आली. सगळ्या वर्तमानपत्रांनी तेच नाव वापरलं. आबांना हे जरूर सांगा. कोल्हापूरच्या माणसाला राजाचा दाखला लवकर पटतो.

पण आबांना ते का लागलं, हेही पुतणीला समजायला हवं. अक्षराचं वर्णन करताना आपणही किड्या-मुंग्यांना बोलावतो. ‘झुरळ शाईत बुडवून कागदावर सोडलंय काय?’ हे कुठल्या मराठी पोरानं ऐकलेलं नाही? मात्र आपल्या भाषेत किडा आला की तो ओरडा खाण्यासाठीच येतो. कौतुक करायचं तर मोती येतात. दासबोधात लेखनक्रियेवरचा समास आहे, त्यात समर्थ काळ्याभोर शाईच्या ओळी मोत्यांच्या माळांसारख्या चालाव्यात असं सांगतात. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं, असंही तिथं आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, हा सल्लाही तिथलाच. म्हणजे आपल्या मनात चांगलं अक्षर म्हणजे वाटोळं, मोकळं, ठसठशीत. बारीक आणि लांब पायांचं अक्षर ही आपल्याकडे गुणाची बाजूच नाही. पुतणीनं इंग्रजी कानानं लिहिलं आणि आबांनी मराठी कानानं ऐकलं. दोघांचेही कान शाबूत आहेत.

इथवर ‘स्पायडरी’चं झालं. पण ताई, मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या शब्दावर भांडताय. माझं बोट त्यापुढच्या दोन शब्दांवर आहे: ‘इंक मार्क्स’.

मार्क म्हणजे खूण, डाग, ओरखडा. अक्षर नव्हे. हँडरायटिंग म्हटलं की कुणीतरी लिहिलंय आणि ते कुणीतरी वाचायचंय, हे गृहीत असतं. ‘इंक मार्क्स’ म्हटलं की कागदावर शाई आहे, एवढंच उरतं. चहाचा डाग पडला तरी तो मार्क आणि पणजोबांनी मांडलेला हिशेबही मार्कच. इंग्रजीत शाईसाठी वेगवेगळे शब्द आहेत. ‘ब्लॉट’ म्हणजे सांडलेला थेंब, ज्यावर आपण टीपकागद दाबायचो. ‘स्मज’ म्हणजे ओल्या शाईवर हात फिरून झालेला फराटा. ‘फेदरिंग’ म्हणजे आपण ज्याला शाई फुटली म्हणतो ते. हे सगळे शाईचे अपघात आहेत. ‘मार्क’ त्या सगळ्यांना पोटात घेतो आणि अक्षरालाही त्यांच्याच रांगेत नेऊन उभं करतो.

पुतणीनं असं का लिहिलं? कारण तिला ते वाचता आलं नाही. तिला मोडी येत नाही. तिनं प्रामाणिकपणे जे दिसलं ते लिहिलं, आणि तिला अक्षरं दिसलीच नाहीत, खुणा दिसल्या. यात तिचा दोष नाही. तुम्हालाही तिथं काही वेगळं दिसलं नसणार, नाहीतर तुमच्या तोंडून ‘डाग’ हा शब्द आला नसता. घरात पहिल्यांदा अक्षर शिकलेल्या माणसाची वही, आणि तीन पिढ्यांनंतर त्याच घरात तिचे डाग झाले. आबा कशामुळे उठले असतील ते मला इथं दिसतं. कोळ्याचं निमित्त झालं.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय: “आबांना थोडी मोडी लागते म्हणतात, पण त्यांनी आम्हाला कधी वाचून दाखवलेली नाही.” ताई, कुणी कधी विचारलं होतं का? रागानं विचारत नाही. आमच्या घरी आईची पाककृतींची वही होती. ती गेल्यावर त्यातल्या खुणांचा अर्थ लावत बसलो. ती असताना एकदाही तिच्याशेजारी ती वही उघडून बसले नाही. तुमच्याकडे आबा आहेत. त्यामुळे ‘शब्द गाळू की बदलू’ याच्या आधी हे काम आहे: पाडव्याच्या आधी त्या वहीचं निदान एक पान वाचून घ्या.

अडत दुकानाची वही आहे हे तुमचं नशीब. कथा-कादंबरीपेक्षा हिशेब वाचायला सोपा, कारण त्यात तेच ते शब्द फिरून येतात. वर ‘श्री’ असेल. पानाच्या डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. मोडीतले आकडे आपल्या देवनागरी आकड्यांच्या पुष्कळ जवळचे आहेत, तेव्हा सुरुवात आकड्यांपासून करा, अक्षरांपासून नको. तारीख, रक्कम, मण, शेर ओळखू आले की त्यांच्या शेजारचे शब्द आपोआप तोंड दाखवू लागतात. अक्षरांची अडचण आहे ती अशी की मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचा. दोन शब्दांत जागा सोडायची रीत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. देवनागरीला सरावलेल्या डोळ्याला ते सुताच्या गुंत्यासारखं वाटतं, पण त्यात वेगाचं तंत्र आहे. समोर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरताहेत, सौदे चालू आहेत, आणि दिवाणजीला बोलण्याच्या वेगानं लिहायचंय. त्यासाठीच ही लिपी घडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती आपल्या व्यवहारात होती, म्हणजे आबांच्या लहानपणापर्यंत.

आणि एक गोष्ट सांगते, ती पुतणीला आवडेल. जुन्या हिशेबात पाव, अर्धा, पाऊण दाखवायला उभ्या रेघा मारायचे. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सोळा आण्यांचा रुपया होता, १९५७ साली नवे पैसे येईपर्यंत. तेव्हा चार आणे म्हणजे एक रेघ. तिनं ज्यांना कोळ्याचे पाय म्हटलं, त्यातल्या काही रेघा चार आणे आणि बारा आणे असू शकतील. तिला फोन करून विचारा, नेमक्या पानाच्या कुठल्या भागाकडे पाहून तू तो शब्द लिहिलास? हा प्रश्न भांडणाचा नाही. लेखकाला असं विचारलं की तो खूश होतो, कारण कुणीतरी त्याचं वाक्य मनावर घेतलेलं असतं.

आबांकडून वाचून घेताना मात्र जपून. चारचौघांत, फोनचे कॅमेरे लावून “आबा, वाचा बघू” असं करू नका. कदाचित त्यांना फार लागतही नसेल. वडिलांच्या मांडीवर बसून चार अक्षरं शिकलेला मुलगा ८४व्या वर्षी ती विसरला असेल, तर तेही दुःख त्या ट्रंकेत बंद असेल. दुपारी, दोघंच असताना, “यातलं तुमच्या वडिलांचं नाव कुठं आहे, तेवढं दाखवा” इतकंच म्हणा. नाव सापडलं तरी खूप झालं. उरलेल्यासाठी कोल्हापुरात मोडी जाणणाऱ्यांची वाण नाही. राज्याच्या पुराभिलेख खात्याचं कार्यालय शहरात आहे. संस्थानाचं दफ्तर मोडीत असल्यामुळे या शहरात ते वाचणारी माणसं टिकून राहिली आहेत. पानाचा फोटो घेऊन जा. मूळ वही नेऊ नका.

आता तुमचे तीन प्रश्न.

शब्द गाळावा का? नाही. आबांनी तो ऐकला आहे. छापील लेखात तो दिसला नाही तर त्यांना वाटेल, खरंच वाईट होतं म्हणून लपवलं. पुतणीला वाटेल, तिच्या लेखावर तिला न विचारता कात्री चालवली.

माफी? कशाची? मनात नसलेल्या अपमानाची माफी मागायला लावली तर ती वही पुढच्या पिढीला परकी होते. तिनं आबांना एवढं म्हणावं, “मला ते वाचता आलं नाही म्हणून तसं लिहिलं.” हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

राहिला शब्द बदलण्याचा प्रश्न. मराठीत तो बदलायलाच हवा, कारण ‘स्पायडरी’ला शब्दाला शब्द असा जोड आपल्याकडे नाही. ‘किरटं अक्षर’ हा शब्द जवळचा वाटेल, पण त्यात कंजूषपणाची आणि किरकिरीची छटा आहे, तो इथं नको. ‘गिचमिड’ म्हणजे सरळ दूषण. ‘कापरं’ चांगला शब्द आहे, पण तो म्हाताऱ्या हाताचा. पणजोबा तेव्हा ऐन उमेदीत असतील. मला ‘काटकुळं’ बरं वाटतं. काटकुळा माणूस बारीक असतो, पण वाईट नसतो, आणि त्याचे हातपायही लांबच असतात. ‘पुसट शाईतलं काटकुळं, लांब पायांचं अक्षर’ असं काहीतरी. ‘मार्क्स’च्या जागी ‘अक्षर’ आलंय ते पाहिलंत ना? एवढी दुरुस्ती मी पुतणीच्या संमतीनं इंग्रजीतही करून घेईन.

पण हेही आधी वही समोर ठेवून तपासा. बोरूनं, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बोरूच्या काडीच्या लेखणीनं, लिहिलेलं असेल तर टोक तिरकं कापलेलं असतं, रेघ कुठं जाड कुठं बारीक येते, अक्षर भरदार दिसतं. त्याला ‘स्पायडरी’ म्हणणं अपमान असो-नसो, चूक आहे. टाकाच्या बारीक निबानं लिहिलं असेल तर शब्द बरोबर बसतो. ‘फेडेड’चंही तसंच. काजळी आणि डिंकाची शाई शतकं गेली तरी काळी राहते. हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातलेली शाई काळानं तपकिरी पडते. तुमच्या वहीतली अक्षरं पुसट झालीत की नुसती तपकिरी झालीत, हे दिवसाच्या उजेडात खिडकीशी नेऊन बघा. तिन्ही पिढ्या त्यावर वाकून बसल्या, तर कुठला शब्द ठेवायचा हे तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

ज्यांच्या घरी असं एखादं जुनं पत्र, जमिनीचा कागद, आजीची ओव्यांची वही आहे आणि ज्यांची मुलं त्याबद्दल इंग्रजीत लिहू लागली आहेत, त्यांच्यासाठीही हे लागू आहे. मुलांनी लिहिलेलं विशेषण वस्तूचं आहे की पाहणाऱ्याच्या अडचणीचं, हे एकदा विचारून घ्या. ‘न वाचता येणारं’ हा कागदाचा गुण नसतो. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना परभाषेतला मजकूर सांगताना जेवणाची वेळ नको. अडलेल्या शब्दापाशी थांबून “याला मराठीत नेमकं काय म्हणावं ते मला सुचत नाही, ते असं असं दिसतं” असं म्हटलं तरी चालतं. सगळ्या शब्दांना तयार प्रतिशब्द सापडलाच पाहिजे, हे ओझं तुमच्यावर कुणी टाकलेलं नाही.

एक शेवटचं, अगदी व्यवहाराचं. पाडव्याला तुम्ही ती वही पाटावर मांडणार असाल, वह्यांच्या पूजेचाच दिवस तो. फोटो आधी काढून ठेवा. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका, पानांना प्लॅस्टिक चढवू नका. पूजा करायची ती नव्या कोऱ्या वहीची करा आणि जुनी शेजारी, सुती कापडावर, मिटलेलीच ठेवा. हळद-कुंकवाचं ओलं बोट तिला लागू देऊ नका. त्या जुन्या शाईला पाण्याचा एक थेंब पुरतो.